दोघी मैत्रिणी, बारा रात्री आणि इटलीतल्या गाड्या

सातारच्या दोन मैत्रिणींचा प्रश्न आहे. एक ५९ वर्षांची, दुसरी ६२. दोघी बँकेतून निवृत्त, दोघी शाकाहारी, थोरलीचा उजवा गुडघा कुरकुरतो. सप्टेंबरअखेरीस मिलानला उतरायचं, बारा रात्री इटलीत काढायच्या आणि रोमहून परतीचं विमान धरायचं. ग्रुप टूर नको, सगळं फिरणं रेल्वेनं. त्यांनी आराखडाही पाठवला आहे: मिलान १, कोमो १, व्हेरोना १, व्हेनिस २, फ्लॉरेन्स २, चिंक्वे तेर्रे १, रोम २, नेपल्स १, अमाल्फी १. आणि खाली एकच ओळ: "हे जमेल का, की आम्ही भलतंच काही ठरवून बसलोय?"

रेल्वेनं फिरणं जमेल. मी १९ वर्षं लहान गट घेऊन इटलीत जाते. 'माझ्याबरोबर चला' म्हणायचं सोडून 'तुमच्या तुम्ही जा' सांगणं म्हणजे आपल्याच पोटावर पाय आणणं. तरी सांगते, कारण दोघींनी रेल्वेनं फिरायला इटली फार सोयीची आहे. मिलान, बोलोन्या, फ्लॉरेन्स, रोम, नेपल्स ही शहरं एकाच वेगवान मार्गावर ओवलेली आहेत आणि बोलोन्याहून एक फाटा व्हेनिसला जातो. स्टेशनं गावाबाहेर नाहीत, भर वस्तीत आहेत.

आराखडा मात्र जमणार नाही. बारा रात्रींत नऊ हॉटेलं आहेत. तुम्ही अंतरं स्टेशन ते स्टेशन मोजली आहेत, म्हणून कागदावर सगळं जवळ दिसतं. रोम ते नेपल्स एक तास दहा मिनिटं, हे खरं आहे. पण सकाळी दहाला खोली सोडायची, बॅगा ओढत स्टेशनवर यायचं, अर्धा-पाऊण तास आधी पोचायचं, उतरल्यावर नवं हॉटेल शोधायचं, तिथे 'खोली तीनला मिळेल' हे ऐकून बॅगा ठेवायच्या आणि मग बाहेर पडायचं, यात दुपारचे दोन वाजतात. प्रवास एक तासाचा असो की तीन तासांचा, मुक्काम बदलला की अर्धा दिवस गेला. नऊ हॉटेलं म्हणजे आठ वेळा बदल, म्हणजे चार पूर्ण दिवस बॅगांच्या सेवेत. माझ्या गटांत लोक दमतात ते चालून नव्हे, बॅगा भरून.

आणि शेवटची रात्र अमाल्फीला ठेवून दुसऱ्या दिवशी रोमहून विमान? अमाल्फीला रेल्वेच नाही. डोंगरकड्यावरच्या रस्त्यानं बसनं सालेर्नोला यायचं, तिथून गाडी धरून रोम, रोमहून पुन्हा विमानतळाची गाडी. एक बस वळणावर अडकली की साताऱ्याचं घर लांब राहिलं. परतीच्या आदली रात्र ज्या शहरातून विमान आहे त्याच शहरात काढायची, यात मी कुणालाच सूट देत नाही.

माझा आराखडा असा: मिलान १, व्हेनिस ३, फ्लॉरेन्स ४, रोम ४. चार हॉटेलं, तीन वेगवान गाड्या. बाकीची गावं या मुक्कामांवरून पाठीवर पिशवी टाकून, सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

मिलानची एक रात्र कशासाठी, ते सांगते. विमानतळावरून मालपेन्सा एक्सप्रेस पकडून लगेच व्हेनिस गाठता येतं, पण त्याच दिवसाचं स्वस्त तिकीट काढाल तर ते बदलता येत नाही आणि विमान उशिरा आलं की पैसे बुडाले. त्यापेक्षा मुख्य स्टेशनजवळ झोपा. दुसऱ्या दिवशी लिओनार्दोचं 'द लास्ट सपर' पाहायला मिळालं तर पाहा. ते चित्र एका मठाच्या भोजनगृहाच्या भिंतीवर आहे, १४९५ ते १४९८ या काळातलं. आत एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, तीही १५ मिनिटांसाठी, आणि सोमवारी बंद. तिकिटं खुली झाली की उडतात. मिळालं नाही तर हळहळू नका, कॅथेड्रल बघा आणि दुपारच्या गाडीनं निघा. कोमोचं सरोवर सुंदर आहे यात शंका नाही. या खेपेला नाही.

आता गाड्यांविषयी. इटलीत दोन प्रकारच्या गाड्या आहेत आणि त्यांचे नियम एकमेकांच्या उलटे आहेत. एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

पहिला प्रकार वेगवान गाड्यांचा. त्रेनितालिया या सरकारी कंपनीची फ्रेच्चारोस्सा, आणि २०१२ पासून धावणारी इतालो ही खासगी. दोन्ही ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातात, दोन्ही एकाच रुळांवरून, बहुतेक त्याच स्टेशनांवरून. यात डबा आणि आसन ठरलेलं असतं, तिकीट त्याच गाडीपुरतं असतं, आणि भाडं विमानासारखं चढतं. आधी काढाल तर ऐनवेळच्या भाड्याच्या निम्म्यात किंवा त्याहूनही कमी. दोन कंपन्यांचे दर दोन्हीकडे पाहून घ्यायचे. कोणती चांगली यावर वाद घालण्यात अर्थ नाही, ज्या वेळेला जी स्वस्त ती चांगली.

दुसरा प्रकार रेजोनाले, म्हणजे आपल्या पॅसेंजर-इंटरसिटीच्या मधलं काहीतरी. भाडं अंतरावर ठरतं, तीन महिने आधी काढा की तीन मिनिटं आधी, तेवढंच. आसन राखीव नाही. म्हणून ही तिकिटं आधी काढून ठेवायची काहीच घाई नाही. पण इथे एक गोम आहे. कागदी तिकीट काढलं तर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या छोट्या यंत्रात सरकवून त्यावर तारीख-वेळ छापून घ्यावी लागते. मोबाइलवर काढलं तर चढण्यापूर्वी त्यातच चेक-इन करावं लागतं. न केल्यास तिकीट असूनही तुम्ही विनातिकीट. माझ्या दुसऱ्याच खेपेला लुक्काहून परतताना बोलण्याच्या नादात मी यंत्राकडे पाहिलंच नाही. तपासनीस शांतपणे आला, तिकिटं उलटून पाहिली आणि सगळ्या गटाचा दंड फाडला. तो दंड मी माझ्या खिशातून भरला आणि तेव्हापासून यंत्र दिसल्याशिवाय गप्पा सुरू करत नाही.

व्हिसा आणि तिकिटं यांची सांगड कशी घालायची, हा प्रश्न तुम्हाला पुढे पडेलच. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तो लवकर करा. मुंबईखेरीज पुण्यातही अर्ज स्वीकारले जातात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. हॉटेलं रद्द करता येतील अशीच घ्या. रेल्वेची ती तीन स्वस्त, परत न होणारी तिकिटं मात्र पासपोर्टवर शिक्का बसल्यावरच काढा. दीड महिना हाताशी असला तरी भाडं ठीक मिळतं. चार पैसे जास्त गेले तरी तीनच तिकिटं आहेत! मुक्काम कमी ठेवण्याचा हा आणखी एक फायदा. आणि रेल्वे पासच्या मोहात पडू नका. तुमच्या तीन लांबच्या आणि चार-पाच जवळच्या प्रवासांसाठी पास महाग पडतो, शिवाय वेगवान गाडीत आरक्षणाचे पैसे वेगळे.

स्टेशनांची नावं लिहून ठेवा, कारण यातच लोक चुकतात. फ्लॉरेन्स तिथे फिरेन्झे आहे, व्हेनिस व्हेनेत्सिया, नेपल्स नापोली. फ्लॉरेन्सला उतरायचं ते 'सांता मारिया नोव्हेला' या स्टेशनवर; 'रिफ्रेदी' आणि 'कांपो दि मार्ते' ही दुसरी. रोमला 'तेर्मिनी'; 'तिबुर्तिना' नव्हे. व्हेनिसचं तर दादर-मुंबईसारखं आहे. आधी 'मेस्त्रे' लागतं, ते जमिनीवरचं गाव. तिथे निम्मी गाडी उतरते आणि आपणही उतरावं असं वाटतं. बसून राहा. पुढे गाडी खाडीवरच्या पुलावर येते, दोन्ही बाजूंना पाणी, आणि मग 'सांता लुचिया'. हा रेल्वेपूल १८४६ मधला आहे. स्टेशनच्या दारातून बाहेर पडलं की समोर रस्ता नसतो, ग्रँड कॅनॉल असतो. इतक्या वेळा पाहिलं तरी त्या पायऱ्यांवर मी मिनिटभर थांबते.

फलाटाला 'बिनारियो' म्हणतात. 'पार्तेन्झे' हा सुटणाऱ्या गाड्यांचा फलक, 'आर्रिव्ही' येणाऱ्यांचा. चुकीच्या फलकाकडे टक लावून उभी असलेली माणसं मी दर वर्षी पाहते. 'रितार्दो' म्हणजे उशीर, पुढे मिनिटं. फलाटाचा आकडा बऱ्याचदा गाडी सुटायच्या दहा-पंधरा मिनिटं आधीच झळकतो, तोपर्यंत सगळे मान वर करून उभे असतात. फलकावर तुमच्या गावाचं नाव शोधू नका. व्हेनिसहून फ्लॉरेन्सला जाणाऱ्या गाडीवर रोम किंवा नेपल्स लिहिलेलं असतं. तिकिटावरचा गाडीचा क्रमांक जुळवा, जसा आपण कोयना की महालक्ष्मी हे क्रमांकावरून पाहतो. मोठ्या स्टेशनांवर फलाटावर जाण्याआधी तिकीट दाखवावं लागतं, त्यामुळे पोचवायला कुणी आत येत नाही आणि गर्दीही कमी असते.

खिडकीवरून मैत्रिणींत वाद होतात, म्हणून हेही. बोलोन्या ते फ्लॉरेन्स हा २००९ साली सुरू झालेला वेगवान मार्ग सुमारे ७८ किलोमीटरचा, आणि त्यातले ७३ किलोमीटर बोगद्यात! अपेनाइन डोंगर पोटातून ओलांडायचा. तिथे खिडकी जिला हवी तिला देऊन टाका आणि पेंगा. फ्लॉरेन्सचं स्टेशन शेवटाचं आहे, गाडी आली तशीच उलटी निघते. पुढे तोंड करून बसलेल्या तिथून मागे तोंड करून जातात. त्यामुळे 'प्रवासाच्या दिशेचं आसन' याचा फार आग्रह धरू नये. फ्लॉरेन्स-रोम टप्प्यात मात्र जाग्या राहा. टेकडीच्या सपाट माथ्यावर वसलेलं ओर्व्हिएतो गाव खिडकीतून दिसतं.

संप हा शब्द तिकडे 'शोपेरो'. इटलीत संप होतात, पण आधी जाहीर करून. कामाच्या दिवशी संप असला तरी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ स्थानिक गाड्या चालवण्याचं बंधन असतं. तारीख कळली की त्या दिवशी गावातच पायी फिरा. गाडी उशिरा आली तर तासाभराच्या वर तिकिटाच्या २५ टक्के, दोन तासांच्या वर ५० टक्के परतावा मागता येतो. मागावा, आपल्याकडची माणसं संकोचानं मागत नाहीत.

आता व्हेनिस आणि तो गुडघा. व्हेनिसमध्ये चाकांचं काहीच चालत नाही. बॅगेची चाकंही नाहीत, कारण दर शंभर पावलांवर पूल आणि पुलाला पायऱ्या. म्हणून हॉटेल निवडताना एकच गोष्ट पाहा: व्हापोरेत्तोच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक बोटीच्या थांब्यापासून हॉटेलपर्यंत मध्ये किती पूल आहेत. 'पाच मिनिटांवर' असं लिहिलेलं असतं, त्या पाच मिनिटांत तीन पूल निघाले की थोरलीचा गुडघा तिथेच सहल संपवील. शून्य पूल असलेलं हॉटेल थोडं महाग असलं तरी घ्या. मेस्त्रेला स्वस्तात राहून रोज ये-जा करण्याचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. पैशाची ओढ असेल तर वाईट नाही, पण व्हेनिस खरं सुरू होतं ते दिवसभराची गर्दी परतल्यावर, रात्री नऊनंतर, आणि सकाळी सातच्या आत.

बोटीचं एकेरी तिकीट ७५ मिनिटांचं, साडेनऊ युरोंचं. दोन फेऱ्यांपेक्षा जास्त होणार असतील तर २४ तासांचा पास घ्या. एक नंबरची बोट ग्रँड कॅनॉलमधून प्रत्येक थांबा घेत रमतगमत जाते. तिच्यात एकदा संध्याकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत बसा. गुडघ्याला त्रास न देता व्हेनिस पाहायची याहून चांगली रीत नाही. कमानींची टोकं, नक्षीच्या खिडक्या बघताना ओळखीचं काही वाटलं तर तो भास नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची घडण मध्ययुगाच्या अखेरच्या इटालियन नमुन्यांवर बेतलेली आहे, असं जागतिक वारशाच्या नोंदीतच म्हटलं आहे. आपण वर्षानुवर्षं त्या कमानींखालून लोकल पकडायला पळालो, इथे त्यांच्या थोरल्या बहिणी पाण्यात पाय सोडून बसल्या आहेत.

२०२४ पासून ठरावीक दिवशी व्हेनिसमध्ये दिवसापुरतं येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात. मुक्काम करणाऱ्यांना ते माफ आहे, पण त्याची ऑनलाइन नोंद करून कोड जवळ ठेवावा लागतो. तुमच्या तारखा त्यात येतात का, ते निघण्याआधी तपासा.

व्हेनिसच्या तीन रात्रींतला एक दिवस पादोव्हाला द्या. व्हेरोना काढून पादोव्हा का, तर वेगवान गाडीनं अर्ध्या तासाच्या आत पोचता, गाव सपाट आहे, आणि तिथे स्क्रोव्हेन्यी चॅपेल आहे. जोत्तो या चित्रकारानं १३०५ च्या सुमाराला रंगवून पूर्ण केलेलं. छत गडद निळं आणि त्यावर सोनेरी तारे. आत जाण्याआधी हवा नियंत्रित केलेल्या खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, मग चित्रांसमोर तेवढाच वेळ. तिकीट आधी काढावं लागतं. माझ्या गटातल्या लोकांना नंतर विचारलं की सगळ्यात काय आठवतं, तर रोमच्या आधी पुष्कळ जण हा निळा रंग सांगतात.

फ्लॉरेन्सला चार रात्री जास्त वाटतील. नाहीत. उफिझी हे चित्रसंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा 'डेव्हिड' असलेली अकादेमिया, दोन्ही सोमवारी बंद असतात. म्हणून सोमवार बाहेरगावी घालवायचा. पीसाला जायचंच ना? मग थेट पीसा करू नका, लुक्कावरून जा. फ्लॉरेन्सहून रेजोनालेनं लुक्का सव्वा ते दीड तास. स्टेशनसमोरच गावाचा तट. तो चार किलोमीटरचा तट वरून इतका रुंद आहे की त्यावर झाडांच्या रांगा आणि फिरायचा रस्ता आहे. जेवून दुपारी लुक्काहून पीसाची गाडी धरा आणि मुख्य स्टेशनच्या आधीच्या 'सान रोस्सोरे' थांब्यावर उतरा. तिथून झुकता मनोरा दहा मिनिटांवर. सगळे मुख्य स्टेशनवर उतरून गावभर चालत येतात. मनोऱ्यावर चढायचा विचार थोरलीनं करू नये, पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत आणि चालताना तोल एका अंगाला जातो. तसंच फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटाचं: ४६३ पायऱ्या, लिफ्ट नाही. धाकटीनं चढावं, थोरलीनं खाली चौकात जिलातो, म्हणजे तिथलं आइस्क्रीम, खात तिची वाट पाहावी.

सिएना हवं असेल तर माझ्या तोंडून रेल्वेविरोधात ऐका: बसनं जा. सिएनाचं स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी आहे, बस वर गावात सोडते. चिंक्वे तेर्रे मी काढून टाकलं आहे. पाच गावं, देखणी गावं, पण सगळी चढ-उतारांची. कोर्नील्याला तर स्टेशनपासून गावात जायला साडेतीनशेहून जास्त पायऱ्या आहेत. फ्लॉरेन्सहून एका दिवसात जाऊन येणं म्हणजे गाडीतच दिवस घालवणं.

रोमच्या चार रात्रींत व्हॅटिकन संग्रहालयाचं तिकीट आधी काढा आणि रविवार टाळा. रविवारी ते बंद असतं. महिन्यातला शेवटचा रविवार फुकट असतो, तो तर आवर्जून टाळा. कोलोसियमचं तिकीट वेळ आणि नाव घालून येतं, पासपोर्ट जवळ असू द्या. बोर्गेझे गॅलरीत दोन तासांची पाळी असते, सोमवारी बंद.

पाँपेई एका दिवसात रोमहून होतं. सकाळच्या वेगवान गाडीनं नेपल्स, स्टेशनच्या खालच्या मजल्यावरून चिर्कुमव्हेसुव्हियाना ही लोकल, सोरेंतोच्या दिशेची, आणि चाळीसेक मिनिटांत 'पोंपेई स्काव्ही' थांबा. प्रवेशद्वार समोरच. पण इसवीसन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या गावाचे रस्ते मोठमोठ्या दगडांचे, उंचसखल आहेत. चार तास चालणं होतं आणि सावली नाही. थोरलीच्या गुडघ्यासाठी माझी पसंती ओस्तिया आंतिकाला आहे. रोमचं हे जुनं बंदर. शहरातून लोकलनं अर्धा तास, सपाट, पाइनच्या झाडांची सावली, आणि घरं, स्नानगृहं, नाट्यगृह सगळं आहे. सोमवारी बंद. धाकटीला पाँपेई हवंच असेल तर तिनं एकटीनं जावं.

हे मी सहज म्हणत नाही. दोघींच्या सहलीत एक दिवस, निदान एक दुपार वेगवेगळं फिरायचं, हे निघण्याआधीच ठरवून टाका. तिथे जाऊन ठरवलं की ते रुसण्यासारखं दिसतं. तीस वर्षांची मैत्री असली तरी बारा रात्री एका खोलीत राहणं वेगळं. खोलीवरून आठवलं: बुकिंग करताना 'मात्रिमोनियाले' म्हणजे एकच डबल बेड, दोन वेगळ्या खाटा हव्यात तर तसं स्पष्ट मागा. लिफ्ट आहे का, तेही विचारा. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत जिनाच असतो. आणि शहराचा मुक्कामकर दर रात्री दर माणशी हॉटेलात वेगळा भरावा लागतो.

दोघींची सगळी तिकिटं दोघींच्या फोनमध्ये ठेवा. एक फोन गेला तर सहल अडत नाही. चुकामुकीचा नियमही ठरवा. एक गाडीत चढली आणि दुसरी फलाटावर राहिली, तर चढलेलीनं मधल्या थांब्यावर उतरायचं नाही; ठरलेल्या गावी उतरून फलाटाच्या तोंडाशी थांबायचं. राहिलेलीनं पुढच्या गाडीचं नवं तिकीट काढून यायचं. दोघी एकमेकींना शोधत उलट-सुलट फिरल्या की संध्याकाळ होते. तेर्मिनी, मिलान इथे तिकीट यंत्राशी कुणी आपणहून मदतीला आला तर 'नो ग्रात्सिए' म्हणून पाठ फिरवा. यंत्रात इंग्रजी आहे. पर्स पुढच्या बाजूला.

खाण्याचं. पिझ्झा मारिनारा टोमॅटो-लसणाचा, चीजशिवाय. पास्ता आराब्ब्याता तिखट असतो, आपल्या मानानं नव्हे, पण त्यातल्या त्यात. फ्लॉरेन्सला रिबोलिता खा: घेवडा, पालेभाजी आणि शिळ्या पावाचं दाट सूप. पीसा-लुक्काकडे 'चेचिना' नावाची हरभऱ्याच्या पिठाची भाजलेली जाड पोळी मिळते. पहिल्या घासाला दोघींनाही धिरड्याची आठवण होईल. कट्टर शाकाहारींसाठी दोन सावधगिरीच्या गोष्टी. पार्मेजान चीज वासराच्या पोटातल्या विरजणानं बनतं, त्यामुळे चालत नसेल तर 'सेन्झा फोर्माज्जो' सांगा. आणि काही पावांत 'स्त्रुत्तो', म्हणजे डुकराची चरबी असते. सूपही मटणाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, विचारा. बिलात 'कोपेर्तो' ही टेबलाची माणशी रक्कम दिसली तर भांडू नका, ती रीत आहे. कॉफी काउंटरवर उभ्यानं प्यायली की स्वस्त.

खाकरे, मेतकूट, चटण्या घेऊन जा. पेढे, तूप आणि दूध पावडर मात्र नको. बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत.

फ्लॉरेन्सची चौथी दुपार मी मुद्दाम मोकळी ठेवली आहे. साताऱ्याच्या माणसांनी तिथे कोल्हापूरचं एक ऋण फेडावं. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज, दुसरे, इंग्लंडहून परतत असताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. विशीतला मुलगा. तेव्हा फ्लॉरेन्स इटलीची राजधानी होती. खास परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. तिथे १८७४ मध्ये उभं राहिलेलं स्मारक आजही आहे: छत्री आणि तिच्याखाली पगडी घातलेला रंगीत अर्धपुतळा. जवळच्या पुलालाही गावानं 'इंडियानो'चं, म्हणजे त्या हिंदी माणसाचं नाव दिलं आहे. कास्चिने उद्यान लांबट आहे आणि स्मारक त्याच्या पार पश्चिम टोकाला. ट्राम उद्यानाच्या अलीकडच्या बाजूला सोडते, तिथून झाडीतून तीनेक किलोमीटर चाल आहे. गुडघा त्या दिवशी बरा नसेल तर हॉटेलातून टॅक्सी मागवा आणि तिला तिथेच थांबवून ठेवा. इटलीत हात दाखवून टॅक्सी थांबत नाही, आणि त्या टोकाला तर टॅक्सीतळही नाही.